झुडपाच्या आडोशाने उभं राहणारं रान

(पालम येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने बोलायचं तर विषय इथल्या मातीतला हवा आणि ऐकून घरी जाताना करण्यासारखं काही हाती लागायला हवं. म्हणून मी आज झुडपांबद्दल बोलणार आहे. बोर, तरवड, हेकळ, रुई. माळावर ही झुडपं आपण रोज पाहतो, आणि जमीन साफ करायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच चालवतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कोरड्या, उघड्या माळावर झाड आणायचं असेल तर तिथलं झुडूप आधी राखा. त्याच्या सावलीत, त्याच्या काट्यांत रोप जगतं. जागा जितकी कोरडी, तितकी ही सोबत मोलाची. हे इथल्या जुन्या जाणत्या माणसांना ठाऊक होतं, आणि गेल्या काही दशकांत जगातल्या अनेक कोरड्या प्रदेशांतल्या शास्त्रज्ञांनी ते मोजून दाखवलं आहे.

आपल्या पालम तालुक्यात दोन अगदी वेगळी रानं आहेत. गोदावरीच्या काठाला खोल काळी जमीन आहे, ओल आहे, आणि नदीच्या पात्रात जांभूळबेटासारखी गर्द जागा आहे. नदीपासून दूर, दक्षिणेला बालाघाटच्या अंगाने चढत गेलं की माती पातळ होते, मुरूम उघडा पडतो, आणि माळावर बोरी-तरवडाखेरीज फारसं काही दिसत नाही. दप्तरात या जमिनीची नोंद गायरान किंवा पडीक अशी असते. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत परभणीचं नाव येतं. त्यामुळे झाडं लावण्याची तळमळ इथे असणं साहजिक आहे. १ जुलै २०१६ रोजी राज्याने एका दिवसात २ कोटी रोपं लावायचं ठरवलं. पुढे २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी असं उद्दिष्ट वाढत गेलं. या मोहिमांत गावोगावच्या मुलांनी, मजुरांनी, शिक्षकांनी मनापासून घाम गाळला आहे. त्या घामाबद्दल मला आदर आहे, आणि तो वाया जाऊ नये म्हणूनच हा विषय मी निवडला.

आपली रीत काय? आधी जागा साफ करायची. बोरी तोडायच्या, तरवड उपटायचा, ओळीत खड्डे घ्यायचे आणि जुलैत रोप लावायचं. त्यामागचा विचार असा, की झुडूप रोपाचं पाणी पितं, खत खातं, ऊन अडवतं. सुपीक, ओलिताच्या शेतात तो विचार खराच आहे. तणाने पीक मारलेलं प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलं आहे. पण शेतातला नियम जसाच्या तसा माळावर नेला की चूक होते. माळावरच्या रोपाचा निकाल जुलैत लागत नाही, तो पुढच्या मे महिन्यात लागतो.

झुडूप रोपाला मारक असतं, हीच समजूत दक्षिण स्पेनमधल्या वनाधिकाऱ्यांचीही होती. भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडाठाक जातो. लावलेल्या रोपांपैकी बरीचशी त्या पहिल्याच उन्हाळ्यात मरतात. ग्रानादा शहराजवळच्या सिएरा नेवादा पर्वतात होर्हे कास्त्रो, रेजिनो सामोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. पाइनची काही रोपं त्यांनी साफ केलेल्या जागी लावली, काही सेज नावाच्या झुडपाखाली, तर काही काटेरी झुडपांच्या उत्तरेला आणि दक्षिणेला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. चार हंगामांनंतर स्कॉट्स पाइनची उघड्यावरची साधारण २१ टक्के रोपं जिवंत होती आणि सेजच्या आडोशाची सुमारे ५५ टक्के. काळ्या पाइनच्या बाबतीत हेच आकडे साधारण ५७ आणि ८२ टक्के होते. काटेरी झुडपाच्या उत्तर बाजूला रोपं जास्त जगली, दक्षिण बाजूला तसा फायदा झाला नाही. झुडपाजवळ लावल्यामुळे रोपांची वाढही खुंटली नाही.

एवढ्यावर कुणी म्हणेल, की एका डोंगरावर एकदा घडलेली ही गोष्ट असेल. म्हणून लोरेना गोमेस-आपारिसियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच पर्वतराजीतले १४६ लागवडीचे प्रयोग एकत्र मांडले. त्यांत १८ हजारांहून अधिक रोपं होती, ११ जातींची, आणि तीही १६ वेगवेगळ्या जातींच्या झुडपांखाली लावलेली. २००४ साली आलेल्या त्या अभ्यासातून स्पष्ट झालं, की झुडपांची मदत सगळ्यांत जास्त होते ती खालच्या, उन्हाच्या, कोरड्या उतारांवर. उंच, सावलीच्या, ओलसर उतारांवर ती कमी होते. मार्क बर्टनेस आणि रॅगन कॅलवे या शास्त्रज्ञांनी १९९४ साली मांडलेल्या तत्त्वाशी हे जुळतं. परिस्थिती सौम्य असते तिथे वनस्पती एकमेकांशी झगडतात, आणि परिस्थिती कठीण असते तिथे एकमेकांच्या आधाराने टिकतात. या तत्त्वाने आपला तालुका पाहिला तर जांभूळबेटावरच्या रोपाला मुख्य अडचण उजेडाची, आणि बालाघाटच्या माळावरच्या रोपाला जीव वाचवण्याची. एकाच तालुक्यातल्या या दोन जागांना एकच रीत लागू पडणार नाही.

आता ही मदत नेमकी होते कशी, ते इथल्या एका बीचा वर्षभराचा माग काढून पाहू. बी घेऊ लिंबाचं. जून-जुलैत लिंबोळ्या पिकतात. मैना, बुलबुल, कावळे त्या खातात. लिंबाच्या बीची उगवण्याची ताकद थोड्याच आठवड्यांत ओसरते, म्हणून ते लगेच योग्य जागी पडणं महत्त्वाचं. पक्षी उघड्या मुरुमावर बसून बी टाकत नाही. तो फांदीवर बसतो, आणि माळावर फांदी असते ती बोरीची. बी बोरीच्या बुंध्याशी पडतं, आणि ते पडतं त्याच दिवसांत पाऊस सुरू होतो. म्हणजे झुडपाचं पहिलं काम बी बोलावून आणण्याचं. हे काम कुठलीही रोपवाटिका इतक्या स्वस्तात करत नाही.

बी जिथे पडलं ती मातीही बाहेरच्या मातीसारखी नसते. झुडपाच्या खोडाशी वाऱ्याने आलेली बारीक माती अडकते. पाला पडून कुजतो, पक्ष्यांची विष्ठा साचते, मुंग्या आणि वाळवी माती भुसभुशीत करतात. शास्त्रज्ञ अशा जागांना सुपीकतेची बेटं म्हणतात. पावसाचं पाणी उघड्या, टणक मुरुमावरून वाहून जातं, आणि झुडपाखाली मात्र मुरतं. राजस्थानात जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने खेजडीच्या झाडाखालची माती तपासली, तेव्हा तिथे उघड्या शेतापेक्षा सेंद्रिय द्रव्य आणि नत्र जास्त आढळलं. तिथला शेतकरी बाजरीच्या शेतात खेजडी राखतो, यामागे हे पिढ्यांचं ज्ञान आहे.

ऑक्टोबरात पाऊस थांबतो. इथून पुढचे आठ महिने रोपाला जी काही ओल मिळेल ती जमिनीतूनच. वरची माती सुकायच्या आत मुळाने खाली पोचायचं, अशी ती शर्यत असते. उघड्या मुरुमावर वरचा थर झपाट्याने सुकतो. झुडपाखाली पाल्याचं आच्छादन असतं, सावली असते आणि वारा अडलेला असतो, म्हणून रोपाला काही आठवडे जास्तीचे मिळतात. जगण्यासाठी पुष्कळदा तेवढे आठवडेच पुरतात. काही खोल मुळांची झुडपं याहून पुढे जातात. दिवसा पानांतून पाणी उडत असतं. रात्री ते थांबलं की खोल मुळांनी ओढलेलं पाणी वरच्या कोरड्या मातीत झिरपतं. हे १९८७ साली अमेरिकेत सेजब्रश नावाच्या झुडपात मोजून सिद्ध झालं, आणि पुढे स्पेनमधल्या रेतामा या झुडपातही दिसलं. शेजारच्या उथळ मुळांच्या रोपाला त्या ओलीचा वाटा मिळू शकतो.

मग येतो एप्रिल आणि मे. आपल्याकडे पारा बेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत जातो. तो आकडा सावलीतल्या हवेचा. उघड्या मुरुमाचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापतो, आणि कोवळं खोड जमिनीला टेकतं तिथेच भाजून निघतं. विरळ का होईना, सावली मिळाली तर हा भाजण्याचा धोका बराच कमी होतो.

आणि वर्षभर साथ देतो तो काटा. चरायला निघालेली शेळी उघड्यावरचं लिंबाचं रोप एका घासात संपवते. बोरीच्या काट्यांत वाढणारं रोप तिच्या तोंडी सहजासहजी लागत नाही. तरवडाला काटा नाही, पण शेळ्या-गुरं सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत, म्हणून त्याच्या दाटीतही रोप झाकून राहतं. आपल्या बांधांवरचे कितीतरी लिंब कुणीही लावलेले नाहीत. ते पक्ष्याने पेरले आणि काट्याने राखले. शतावरी कुठे सापडते, गुळवेल कशाच्या आधाराने चढते, हे औषधी वनस्पती गोळा करणाऱ्या कोणत्याही जाणकाराला विचारा. तो तुम्हाला काटवनाकडेच घेऊन जाईल.

ही मदत एकतर्फी नसते, हेही सांगायला हवं. स्पेनच्या अल्मेरिया भागात तबेर्नास नावाचा अतिशय कोरडा प्रदेश आहे. फ्रान्सिस्को पुग्नायरे आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली तिथल्या रेतामाच्या झुडपांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झुडपाखाली वाढणारी वनस्पती उघड्यावरच्यापेक्षा जोमदार होती, हे अपेक्षित होतं. पण जिच्या खाली दुसरी वनस्पती वाढत होती ती रेतामाही एकट्या रेतामापेक्षा बऱ्या स्थितीत होती. आश्रय देणाऱ्यालाही लाभ होत होता.

पण सगळी झुडपं सारखी नसतात, आणि इथे मी तुम्हाला सावध करतो. सिएरा नेवादातल्या १४६ प्रयोगांच्या त्या अभ्यासात सिस्टस नावाच्या झुडपांखाली रोपांचं नुकसान झालं. शेंगवर्गीय आणि काटेरी झुडपं मात्र उपकारक ठरली. आपल्याकडे सिस्टस नाही, पण घाणेरी आहे, वेडी बाभूळ आहे. दोन्ही परदेशातून आलेल्या, आणि आज रानं व्यापून बसलेल्या. घाणेरीची गच्च जाळी इतर वनस्पतींना वर येऊ देत नाही, हे देशभरच्या जंगलांत दिसलं आहे. झुडूप राखा असं मी म्हणतो तेव्हा मी इथल्या झुडपांबद्दल बोलतो आहे. घाणेरी आणि वेडी बाभूळ हळूहळू काढावी, आणि ती काढतानाही सगळा उतार एका दिवसात जेसीबीने उघडा करू नये.

दुसरी सावधगिरी पावसाची. चांगल्या पावसाच्या वर्षी झुडपाखालचं रोप उघड्यावरच्या रोपापेक्षा हळू वाढलेलं दिसू शकतं. ते पाहून निराश होऊ नका. मराठवाड्यात आपण १९७२ पाहिलं, २०१२ पाहिलं, २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं ते पाहिलं. आपली लागवड अशा वर्षांत टिकायला हवी. तिसरी गोष्ट, झुडपाची मदतही अमर्याद नाही. स्पेनच्याच अतिकोरड्या गवताळ प्रदेशांत असं दिसलं आहे, की पाणी फारच तुटलं की आश्रय देणारं आणि घेणारं, दोघंही त्याच थेंबांसाठी भांडतात. म्हणून बांधबंदिस्ती, समतल चर, पाणी मुरवणं या कामांची जागा झुडूप घेत नाही. ती कामं आणि झुडूप एकत्र चालायला हवीत.

आणि रोप मोठं झाल्यावर काय? अमेरिकेच्या सोनोरान वाळवंटात सग्वारो नावाचा प्रचंड निवडुंग पालो वेर्दे या झाडाच्या सावलीत उगवतो. जोसेफ मॅकऑलिफ यांनी १९८४ साली दाखवलं, की मोठा झालेला सग्वारो पुढे त्याच झाडाचं पाणी तोडतो आणि ते झाड वाळण्याचं प्रमाण वाढतं. आपल्याकडेही लिंब मोठा झाला की त्याच्या सावलीखाली बोरीला पुरेसं ऊन मिळत नाही. झुडपाने आपलं काम केलेलं असतं, आणि रान एक पायरी वर गेलेलं असतं.

हे ज्ञान भारतीय वनशास्त्रात नव्हतं असं नाही. चंदनाचंच पाहा. चंदन हे अर्धपरजीवी झाड आहे. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून पाणी आणि क्षार घेतात. त्याचं बी पक्षी टाकतात, आणि रोपं वर येतात ती काटेरी झुडपांत, जिथे त्यांना आडोसा आणि आधाराची मुळं दोन्ही मिळतात. हे ओळखून दक्षिण भारतातल्या वनखात्यांनी झुडपात टोकणीची पद्धत वापरली. आतून पोकळ केलेली, टोक काढलेली बांबूची लांब नळी झुडपाच्या बुंध्याशी घालायची, आणि तिच्यातून चार-पाच बिया जमिनीत सोडायच्या. झुडपाला धक्का न लावता, काट्यात हात न घालता पेरणी होते. मराठवाड्यातही बांधांवर चंदन आपोआप उगवतं. शेतकरी आता चंदनाच्या रोपाशेजारी तूर लावतात, तेव्हा ते त्याच नात्याचा उपयोग करत असतात.

अहिल्यानगर जिल्ह्यात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. राळेगणसिद्धीने त्याआधी तो मार्ग दाखवला होता. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत १९९६ पासून पाणलोटाचं काम झालं, तिथेही डोंगराला चराईपासून विश्रांती दिली गेली. या गावांबद्दल बोलताना आपण बंधारे आणि पाणी यांवर बोलतो, ते योग्यच आहे. पण चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यांचा पहिला लाभ कुणाला होतो? गवताला आणि झुडपाला. जमिनीत दबलेले बुंधे फुटतात, काटवन सावरतं, आणि त्यानंतर झाडाची पाळी येते. निसर्गाचा हा क्रम आहे. आपण मोहिमेच्या घाईत पहिली पायरी तोडून दुसरीवर उडी मारायला जातो.

कायद्याचंही असंच आहे. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा सागवान, चंदन, मोह, आंबा, चिंच, जांभूळ अशा झाडांना संरक्षण देतो. तो असायलाच हवा. पण उद्याची झाडं ज्या झुडपांच्या आश्रयाने येणार, त्यांची जबाबदारी कायद्यावर टाकून चालणार नाही. ती ग्रामसभेलाच घ्यावी लागेल.

आता पालमपुरतं बोलतो. गायरानात लागवड ठरली की आधी झुडपांची नोंद घ्या. बोर, हेकळ, तरवड, रुई, निर्गुडी यांपैकी काय कुठे आहे ते पाहा. त्यातही मे महिन्यात कुणाच्या अंगावर पानं असतात ते बघा. बोर काट्याने राखते, पण ऐन उन्हाळ्यात ती पानं गाळते. तेव्हा तिची सावली फांद्यांपुरतीच उरते. तरवड आणि रुई त्या दिवसांतही हिरवी असतात. जिथे बोर आणि तरवड शेजारी आहेत ती जागा रोपासाठी उत्तम.

रोप झुडपाच्या कोणत्या बाजूला लावायचं? स्पेनने उत्तर बाजू सांगितली, कारण तिथे सूर्य वर्षभर दक्षिणेला झुकलेला असतो. आपलं तसं नाही. पालम साधारण १९ अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर इथे शून्य सावलीचा दिवस येतो, आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. पण हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत तो दक्षिणेलाच असतो, आणि सगळ्यांत जाळणारं ऊन असतं दुपारनंतरचं, पश्चिमेकडून येणारं. म्हणून आपल्याकडे झुडपाची ईशान्य बाजू धरावी. तिथे सकाळचं कोवळं ऊन रोपाला मिळतं आणि दुपारचं झुडूप झेलतं. खड्डा बुंध्याला खेटून घेऊ नये, झुडपाची मुळं तुटतात. फांद्यांच्या कडेखाली, पाल्याच्या थरात लहान खड्डा पुरे. फांदी आड येत असेल तर तेवढीच छाटा, आणि छाटलेली काटेरी फांदी रोपाभोवतीच टाका. रोपांच्या जोडीला लिंबोळ्या, बाभूळ, खैर, सीताफळ यांच्या बिया जूनमध्ये झुडपांत टोका. खर्च जवळजवळ नाही, आणि शाळेची मुलं हे काम आनंदाने करतील.

आणि माझ्या शब्दावर विसंबू नका, मोजा. तालुक्यातल्या एखाद्या गायरानात यंदा निम्मी रोपं नेहमीच्या रीतीने उघड्यावर लावा आणि निम्मी झुडपाच्या ईशान्येला. जात तीच, दिवस तोच, पाणी सारखंच. प्रत्येक रोपाजवळ नंबराचा दगड ठेवा. दिवाळीला, होळीला आणि पुढच्या मृगाआधी मोजणी करा. ही मोजणी शाळेच्या आणि महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी करावी, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाला तीत सामील करून घ्यावं. सिएरा नेवादाचे आकडे आपल्याला दिशा देतात, पण बालाघाटच्या मुरुमावरचे आकडे आपले आपणच गोळा करायला हवेत. ते मिळाले तर ग्रामपंचायतीपासून वनखात्यापर्यंत सगळ्यांना ते आधार म्हणून दाखवता येतील, आणि लागवडीच्या अंदाजपत्रकातून जागा साफ करण्याचा खर्च वगळून तोच पैसा राखणदारीला देता येईल.

माझी मागणी मोठी नाही. येत्या ग्रामसभेत एक ठराव करा: गायरानातली आणि पाणंदीच्या कडेची देशी झुडपं लागवडीसाठी तोडली जाणार नाहीत. ज्या गावात हा ठराव होईल, तिथल्या माळावर पुढच्या जूनला जिवंत रोपांची संख्या वाढलेली असेल, असा माझा विश्वास आहे. गुरुजींच्या स्मृतीला वाहण्यासाठी याहून चांगलं काम मला सुचत नाही.